‘नंतर या’ म्हणणारा सर्व्हर: घरच्या मेलचं दीड वर्ष

नोव्हेंबर २०२४ मध्ये आमचा घरचा मेल सर्व्हर सलग ६१ तास जगापासून तुटला होता. त्या काळात ताईच्या कामाचं एकही पत्र हरवलं नाही. त्याआधी जुलैत तोच सर्व्हर सहा तास उत्तम चालू होता. दिवे लागलेले, डिस्क मोकळी, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, ओळी पडत होत्या. आणि त्या सहा तासांत त्याने ग्राहकांची नऊ पत्रं दारातूनच परत पाठवली. या दोन घटनांनी मला जे शिकवलं ते आधीच्या वाचनातून कळलं नव्हतं, म्हणून सगळं प्रकरण सुरुवातीपासून लिहून ठेवतो आहे.

खातं बंद झालं तेव्हा

ताई पुण्यात राहते आणि जर्मन भाषांतराची कामं करते. मी साताऱ्यात, आईबरोबर. ताईची निम्म्याहून जास्त कामं जर्मनीतून येतात: यंत्रांच्या माहितीपुस्तिका, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, मधूनच एखादा करार. हा सगळा व्यवहार मेलवर चालतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये एका सकाळी तिचं पंधरा वर्षं जुनं फुकटचं मेल खातं उघडेना. पडद्यावर ‘संशयास्पद हालचाल’ एवढंच. ओळख पटवण्यासाठी ज्या मोबाइल क्रमांकावर संकेत जाणार होता, तो क्रमांक तिने काही वर्षांपूर्वी सोडला होता. नऊ दिवस ती तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरत राहिली. बोलायला माणूस कुठेच नव्हता. दहाव्या दिवशी खातं जसं बंद झालं तसंच उघडलं, कारण न सांगता. तोवर एक मोठं काम दुसरीकडे गेलं होतं.

त्या दिवसांत तिने मला फोनवर एक प्रश्न विचारला होता: “पत्रं मला आलेली, मीच लिहिलेली. मग ती बघायला मी परवानगी कुणाची मागतेय?” मी एका कारखान्याच्या संगणक विभागात आहे. मेल सर्व्हर कसा चालतो हे मला ढोबळमानाने माहीत होतं. मी म्हटलं, आपण आपलं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं स्वतःचं नाव, घेऊ आणि पेटी घरात ठेवू.

पहिला प्रयत्न आणि तीन भिंती

यंत्र म्हणून जुना लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम, त्यात नवीन ५०० जीबीची एसएसडी. लॅपटॉपच घ्यायचं कारण त्याची बॅटरी. वीज गेली तरी तो दोन तास तग धरतो. फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला. लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली, पत्रांची देवघेव करायला पोस्टफिक्स, पेटी सांभाळायला डव्हकॉट आणि स्पॅम चाळायला आरस्पॅमडी. सगळं एका क्लिकवर बसवून देणारे संच मिळतात, ते मी टाळले. पोस्टफिक्स हे वित्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं आणि १९९८ पासून ते वापरात आहे. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचं, २००२ पासूनचं. दोन्ही इतकी मुरलेली आहेत की बिघडल्यावर उत्तर सापडतं, आणि सेटिंगची प्रत्येक ओळ मला स्वतः वाचायची होती.

पहिली भिंत राउटरच्याच पानावर दिसली. आमच्या जोडणीचा बाहेरचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. जुन्या धर्तीचे पत्ते संपत आले होते. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा तर १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या गठ्ठ्यावर आला होता. म्हणजे शेकडो घरं एकाच खऱ्या पत्त्याआड राहतात. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला आमचं दार नेमकं वाजवता येत नाही. मेल सर्व्हरला तर दार वाजावंच लागतं.

जास्तीचे पैसे भरून कायमचा स्वतंत्र पत्ता घेतला. आता पत्रं येऊ लागली. जाईनात मात्र. सर्व्हर एकमेकांशी ज्या पोर्टवरून बोलतात तो २५ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद होता. घरगुती जोडण्यांवर तो बंद ठेवण्यामागे कारण आहे: व्हायरस लागलेले घरचे संगणक याच वाटेने लाखोंनी स्पॅम ओकायचे. विनंती केली, दोन आठवड्यांनी पोर्ट उघडला. लगेच माझ्याच दुसऱ्या खात्यावर चाचणीचं पत्र पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. आमचा पत्ता ‘इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ अशा पत्त्यांच्या यादीत होता. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल ही अशी यादी आहे. तिच्यात नाव असणं हा गुन्ह्याचा शिक्का नव्हे. बऱ्याचदा इंटरनेट कंपन्या स्वतःच आपले घरगुती पत्ते तिच्यात नोंदवतात.

यादीतून एक पत्ता काढून घेता येतो. तिसरी भिंत मात्र हलली नाही. प्रत्येक आयपी पत्त्याची एक उलटी नोंद असते, पीटीआर म्हणतात तिला. ‘हा पत्ता कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर ती देते. ही नोंद डोमेनच्या मालकाला करता येत नाही, पत्त्यांच्या मालकालाच करता येते. मी मदत केंद्राला चार फोन केले. फोनवरच्या मुलांनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण त्यांच्या पडद्यावर त्यासाठी जागाच नव्हती. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ पासून, गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० पत्रं पाठवणाऱ्यांवर सगळ्या अटी आल्याच, पण आमच्यासारख्या दहा-वीस पत्रं पाठवणाऱ्यांकडेही सही किंवा अधिकृत सर्व्हरची नोंद आणि जुळणारी उलटी नोंद हवीच असं ठरलं.

इथे मला पहिली गोष्ट नीट उमगली. पत्रं घेणं आणि पत्रं पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घेण्यासाठी फक्त दार लागतं, पाठवण्यासाठी पत लागते. आणि ही पत माणसाची किंवा डोमेनची असण्याआधी पत्त्याची बघितली जाते. घरगुती पत्त्याला ती मिळत नाही, यंत्र कितीही नीट असलं तरी.

भाड्याचा दरवाजा

मग पत्रं घरात आणि दरवाजा भाड्याचा असं ठरवलं. एका होस्टिंग कंपनीकडे सगळ्यात लहान आभासी सर्व्हर घेतला, १ जीबी रॅमचा. हातात आलेला आयपी पत्ता आधी काळ्या याद्यांमध्ये तपासला. पहिले दोन पत्ते आधीच्या भाडेकरूंनी खराब करून ठेवले होते, ते परत केले. तिसरा स्वच्छ निघाला. इथेही २५ चा पोर्ट सुरुवातीला बंदच होता, पहिल्या महिन्याचं बिल भरल्यावर अर्ज केला तेव्हा उघडला. उलटी नोंद मात्र एका मिनिटात झाली.

घर आणि हा दरवाजा यांच्यामध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी पण कुलूपबंद खासगी वाट, टाकला. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीबरोबर गाभ्यातच आलं, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागलं नाही. जोडणी घराकडून सुरू होते आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट जाऊन वाट उघडी ठेवतं. त्यामुळे घरी कोणताही पत्ता असो, सामायिक का असेना, चालतो. महागडा स्वतंत्र पत्ता मी त्याच महिन्यात सोडून दिला.

बाहेरच्या सर्व्हरवर पत्रं घेऊन मग घरी पाठवणं ही एक रीत. मी दुसरी निवडली: बाहेरचा सर्व्हर २५ च्या पोर्टवर आलेली जोडणी जशीच्या तशी घरी ढकलतो. टीएलएसचं, म्हणजे वाटेत मजकूर झाकणारं, कुलूप घरीच उघडतं, भाड्याच्या डिस्कवर काही उरत नाही. यातून संपूर्ण गुप्तता मिळते असा माझा दावा नाही. समोरचा सर्व्हर टीएलएस बोलत नसेल तर वाटेत मजकूर दिसू शकतो, आणि ताईच्या बहुतेक ग्राहकांच्या पेट्या मोठ्या कंपन्यांकडेच आहेत. पण आमच्या बाजूची प्रत आमच्या घरात आहे, ताईला तेवढंच हवं होतं.

या ढकलण्यात एक खड्डा आहे, आणि तो खोल आहे म्हणून जरा थांबून सांगतो. पाकिटं बोगद्यात घालताना त्यांवरचा मूळ पत्ता पुसून स्वतःचा पत्ता घालण्याची सोय असते, मास्करेड म्हणतात तिला. तिने सगळं झटकन चालू होतं, आणि बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत सुचवलेली असते. मीही तीच केली. पहिल्या संध्याकाळी लॉग बघत होतो. जर्मनीहून आलेलं पत्र, मुंबईहून आलेलं पत्र, स्पॅमवाल्याचं पत्र, सगळ्यांचा उगम एकच: १०.८.०.१, म्हणजे बोगद्याचं दुसरं टोक. आणि बोगद्यातले पत्ते मी पोस्टफिक्सला ‘घरचे’ म्हणून सांगून ठेवले होते, ताईचा फोन त्याच वाटेने येणार म्हणून. अर्थ असा की जगातला कोणीही आमच्या सर्व्हरवरून कुणालाही पत्र पाठवू शकत होता. अशा उघड्या सर्व्हरचा शोध घेणारे स्वयंचलित प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. एक रात्र जरी तो तसा राहिला असता तर निवडून घेतलेला स्वच्छ पत्ता गेलाच असता. ताबडतोब पोर्ट बंद केला. मास्करेड काढून टाकलं, बोगद्यातून आलेल्या जोडणीचं उत्तर बोगद्यातूनच जावं असा वेगळा मार्ग-नियम लिहिला आणि ताईचा फोन व लॅपटॉप यांनाही पासवर्डशिवाय पाठवता येणार नाही असं केलं. मेल वाचायचा पोर्ट जगाला उघडलाच नाही, ती दोन्ही यंत्रं बोगद्यातूनच येतात. बाहेरून दिसतो तो फक्त २५.

बाकीची कागदपत्रं नेहमीची. एसपीएफची नोंद (आमच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात), डीकिमची २०४८ बिटांची किल्ली (पत्रावरची सही तपासायला), डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं). यात एकच गोष्ट अडली: डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या, मजकूर नोंदीत एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, २०४८ बिटांची किल्ली त्यात मावत नाही. नोंदणी करणाऱ्याच्या पानाने ती मुकाट्याने अर्ध्यावर तोडली होती. दोन तुकड्यांत लिहिल्यावर सही जुळली.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याला आम्ही डोमेनची मेल नोंद घराकडे वळवली. जुन्या खात्यातली सुमारे ४१ हजार पत्रं आधीच उतरवून घेतली होती. ताईने पहिलं पत्र आईला लिहिलं. आईचं मेल खातं नव्हतं, ते त्याच दिवशी उघडलं.

जर्मनीतलं दार

सुरुवातीचे तीन आठवडे आमची पत्रं काही ठिकाणी स्पॅममध्ये पडत होती. ताईने ग्राहकांना फोन करून ‘बाहेर काढा आणि उत्तर द्या’ असं सांगितलं. उत्तरं येऊ लागली तसतशी ती पेटीत पडू लागली. याला दुसरा उपाय मला सापडला नाही.

मे महिन्यात मात्र जर्मनीतल्या एका मोठ्या मेल सेवेने आमच्याशी बोलायलाच नकार दिला. जोडणी होताक्षणी ५५४ हा नकाराचा आकडा आणि ‘आपल्या पोस्टमास्तरांशी संपर्क साधा’. माझ्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या. दोन दिवस मी आकड्यांत डोकं खुपसून बसलो. त्यांच्या अटी जर्मनमध्ये होत्या, त्या शेवटी ताईला पाठवल्या. तिने वाचून फोन केला.

“अरे, त्यांना तांत्रिक काही नकोच आहे. आपल्या डोमेनवर इंप्रेसुम नाही म्हणतात.”

“म्हणजे?”

“संकेतस्थळ कुणाचं, त्याचं नाव, पत्ता, फोन. तिकडे धंद्याच्या प्रत्येक साइटवर कायद्यानेच लागतं ते. सर्व्हरमागे माणूस कोण आहे, एवढंच विचारतायत. मी लिहिते.”

तिने एक साधं पान तयार केलं आणि जर्मन कार्यालयांना लिहितात तशा भाषेत एक पत्र लिहिलं, आमच्या आयपी पत्त्यासह. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दार उघडलं. संपूर्ण दीड वर्षात पत्राला उत्तर देणारा माणूस भेटला तो इथेच, आणि त्याचा मला अजून आनंद आहे.

‘नंतर या’ची किंमत

मेलच्या भाषेत नकार दोन प्रकारचा असतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘नाही, पुन्हा येऊ नका’. चार ऐकलं की पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येतो. पाच ऐकलं की पत्र लिहिणाऱ्याला परत देतो. ही रीत १९८२ च्या मूळ नियमांपासूनची आहे. २००८ च्या सुधारित नियमांत सांगितलंय की पत्र टाकून देण्याआधी किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा. पोस्टफिक्स पाच दिवस करतं.

ग्रेलिस्टिंग ही युक्ती याच रीतीवर चालते: अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘नंतर या’ सांगायचं. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅमवाला येत नाही. मी ती आरस्पॅमडीत चालू ठेवली आणि स्पॅम खरंच घटलं. पण ताई एकदा बँकेच्या पानावर बसली असताना ओटीपी मेलवर यायला अकरा मिनिटं लागली, तोवर तो बाद. मोठे पाठवणारे दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून येतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ते अनोळखीच ठरतात. ग्रेलिस्टिंग बंद केली.

उलट बाजूचा इशारा जूनमध्ये मिळाला होता, मी तो पुरेसा ऐकला नाही. एका ग्राहकाने आठ एमबीचा स्कॅन पाठवला आणि तो परत गेला. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट. जोडपत्र मेलमध्ये जाताना अक्षरांत रूपांतरित होतं आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त फुगतं, म्हणजे आठचे जवळजवळ अकरा होतात. मर्यादा ५० एमबी केली आणि विषय संपला असं समजलो. खरं तर तेव्हाच विचारायला हवं होतं: आपला सर्व्हर आणखी कुठे कुठे ५ म्हणतोय?

१८ जुलै २०२४

गुरुवार होता. सकाळी इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन फायबरचा जुना डबा बदलून गेला. ९ वाजून ४० मिनिटांनी जोडणी परत आली, बोगदा आपोआप उभा राहिला. मी कारखान्यातून फोनवर पाहिलं, सगळं हिरवं.

दुपारी पावणेचारला ताईचा फोन. “सकाळपासून एकही मेल नाही रे. गुरुवारी असं होत नाही. आणि श्टुटगार्टचा तो ग्राहक फोनवर रागावलाय. म्हणतो, तुमच्या सर्व्हरने आमच्या कंपनीला काळ्या यादीतले म्हटलं.”

लॉग उघडला. ९:४० नंतरच्या प्रत्येक जोडणीला ५५४: ‘तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे’. बँका, विद्यापीठ, वकिलांची कचेरी, माझं स्वतःचं चाचणी खातं, सगळे काळ्या यादीत.

झालं होतं असं. येणारा प्रत्येक पत्ता पोस्टफिक्स एका काळ्या यादीला डीएनएसवरून विचारून घेत असे. यादी चालवणाऱ्या संस्था छोट्या वापराला पैसे घेत नाहीत, पण कोण किती विचारतो हे त्यांना कळावं लागतं. म्हणून फुकटच्या सार्वजनिक डीएनएसमधून आलेल्या प्रश्नांना त्या खरं उत्तर देत नाहीत. १२७.२५५.२५५.२५४ असा एक खुणेचा पत्ता देतात, त्याचा अर्थ ‘तुम्ही चुकीच्या वाटेने विचारताय’. हे मला माहीत होतं, म्हणून मी लॅपटॉपवर स्वतःचा डीएनएस, अनबाउंड, चालवत होतो. पण नवीन डब्याने जोडणी देताना सार्वजनिक डीएनएसचा पत्ताही दिला, आणि लॅपटॉपने तो निमूटपणे स्वीकारून माझी ओळ पुसली. यादीकडून खुणेचा पत्ता येऊ लागला. पोस्टफिक्सला मी ‘यादीकडून कोणतंही उत्तर आलं तर नाकार’ असंच सांगितलं होतं. उत्तर येत होतं. तो नाकारत होता, कायमचा.

चूक माझ्या दोन ओळींची होती. डीएनएसची ओळ बदलता येणार नाही अशी बांधायला हवी होती. आणि यादीचं उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यांमध्येच असेल तर मोजायचं, असं लिहायला हवं होतं. दोन्ही पंधरा मिनिटांत लिहून झालं. गेलेली पत्रं आणायला मात्र मार्ग नव्हता. सर्व्हर तेवढे सहा तास नुसता बंद पडला असता तर संध्याकाळपर्यंत सगळी आपोआप आली असती.

एक गोष्ट कामी आली. नाकारताना पोस्टफिक्स पाठवणारा आणि घेणारा दोन्ही पत्ते लॉगमध्ये लिहितं. त्या ६४ ओळींतून स्पॅम आणि यंत्रांनी पाठवलेली पत्रं वगळली, नऊ माणसं उरली. ताईने नऊही जणांना त्याच संध्याकाळी वेगवेगळं पत्र लिहिलं, चूक आमची होती असं स्पष्ट सांगून. आठ जणांनी पुन्हा पाठवलं. नववं काम गेलं.

त्या रात्री मी सेटिंगची फाइल वरून खालपर्यंत एकाच प्रश्नासाठी वाचली: इथे शंका आली तर सर्व्हर काय म्हणतो? काळ्या यादीवरून मिळणारा नकार ५५४ ऐवजी ४५० केला. कोणताही मोठा बदल केल्यावर दोन आठवडे पोस्टफिक्सची ‘सॉफ्ट बाउन्स’ ही सोय चालू ठेवायची असं ठरवलं, ती प्रत्येक ५ चा ४ करते. शिवाय दर तासाला एक छोटी स्क्रिप्ट यादीला दोन ठरलेले प्रश्न विचारते. १२७.०.०.२ हा पत्ता अशा प्रत्येक यादीत चाचणीसाठी असावाच लागतो, १२७.०.०.१ नसावाच लागतो. यातलं एक उत्तर जरी चुकलं तर यादी विचारणं आपोआप थांबतं आणि माझा फोन वाजतो. याचा तोटाही आहे. एखादा भला सर्व्हर खरोखर यादीत सापडला, तर त्याच्या माणसाला पाच दिवस कळणारच नाही की पत्र अडकलंय. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर मी ४५० च्या ओळी वाचतो. पाच मिनिटं लागतात.

६१ तास

१४ नोव्हेंबरला संध्याकाळी सातला पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणताना फायबर तुटली. मी लग्नासाठी बेळगावात होतो, घरी आई एकटी. जोडणी आली रविवारी, १७ तारखेला सकाळी आठला. चौथ्या मिनिटाला पहिलं पत्र आत आलं, शेवटचं त्या रात्री उशिरा, कारण जितका वेळ जातो तितकं पाठवणारे फेऱ्यांमधलं अंतर वाढवत जातात. एका मासिकपत्राचा अंक आलाच नाही. काही घाऊक पाठवणारे लवकर नाद सोडतात. ताईच्या कामाचं सगळं आलं.

पाठवणं मात्र त्या काळात बंद होतं, हे सांगायलाच हवं. तिने दोन ग्राहकांना जुन्या खात्यावरून कळवलं. आता लॅपटॉपशेजारी सिम घातलेला एक जुना फोन कायम असतो. फायबर गेली की जोडणी त्यावर जाते आणि बोगदा तिथूनही उभा राहतो. उन्हाळ्यात वळीव येतो तेव्हा विजा चमकू लागल्या की आई फायबरच्या डब्याची पिन काढून ठेवते. आधी मी तिला फोन करून लावायला सांगायचो. आता सांगत नाही.

एक हौस अपुरी आहे. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, पोस्टफिक्स २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून देवनागरी पत्ते घेतं. मी असा पत्ता चालवून पाहिला, मराठीतून मराठीत पत्र गेलं आणि आलं. पण पाठवणाऱ्या सर्व्हरलाही ते जमावं लागतं, आणि ताईच्या ग्राहकांपैकी अनेकांचे सर्व्हर ते पत्र उचलतच नाहीत. कामाचा पत्ता रोमन अक्षरांतच ठेवला.

हिशेब आणि वही

लॅपटॉप सरासरी १२ वॅट घेतो, महिन्याला नऊ युनिटच्या आत. बाहेरच्या सर्व्हरचं भाडं आणि डोमेन धरून जो खर्च होतो, त्यापेक्षा कमी पैशांत एक चांगली पेटी भाड्याने मिळते. पैसे वाचवायला हे कोणी करू नये. रोजची पाच मिनिटं ज्याला देता येणार नाहीत त्याला मी सरळ सांगतो: पेटी भाड्याने घे, पण डोमेन स्वतःच्या नावावर ठेव. ताईच्या नऊ दिवसांवर खरा उतारा तो होता. पत्ता आपला असेल तर पेटी कुठेही नेता येते.

माझ्यापुरती सगळ्यात मोठी काळजी वेगळी होती. हे सगळं मला एकट्याला येतं. मी आजारी पडलो तर? म्हणून एक वही केली, दोनशे पानी, हाताने लिहिलेली. तिच्यात शेवटच्या पानावर एकच काम आहे: डोमेनची मेल नोंद घरावरून काढून भाड्याच्या पेटीवर वळवणं आणि बाहेर ठेवलेल्या प्रतीमधून जुनी पत्रं तिथे उतरवणं. डोमेनचा पासवर्ड ताईकडे आहे, माझ्याकडे नाही. नोंदीचा टिकाव एक तासावर ठेवलाय, म्हणजे बदल तासाभरात सगळीकडे पोचतो.

२ ऑक्टोबर २०२५ ला दसरा होता, ताई साताऱ्यात आली होती. आईने सकाळी गाडीबरोबर लॅपटॉपलाही झेंडूचं फूल वाहिलं. जेवणं झाल्यावर ताई वही घेऊन बसली, मी शेजारच्या खोलीत, बोलायचं नाही असं ठरलेलं. पन्नास मिनिटांनी तिने हाक मारली. नोंद वळली होती, चाचणीचं पत्र भाड्याच्या पेटीत पोचलं होतं, पण जुनी पत्रं उतरेनात. सातव्या पायरीत मी प्रतीचा जुना मार्ग लिहून ठेवला होता, डिस्क बदलली तेव्हा वहीत बदलायचा राहिला होता. तिने तो लाल शाईने खोडला, नवा लिहिला, शेजारी तारीख टाकली आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.